दुभाष्याची खुर्ची

मध्यमवर्गीय पुणेकर आई-वडिलांची मुलाबद्दल दोन स्वप्नं असतात. एक, त्यानं परदेशी जावं. दोन, त्याला सरकारी नोकरी लागावी. दोन्ही एकाच मुलाकडून पुरी करून घ्यायची म्हटलं की पंचाईत होते. परदेशी जाणाऱ्याला पेन्शन नसतं, आणि पेन्शनवाल्याची बदली फार लांब म्हणजे गडचिरोलीला होते. (पेन्शन नव्या योजनेतलं असलं तरी पेन्शन ते पेन्शन, वधूपित्याला एवढं पुरतं.) या कोंडीतून पुण्यानं वाट काढली आहे: मुलाला परकीय भाषेच्या वर्गात घालायचं.

फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात संध्याकाळी जाऊन बघा. फ्रेंचमधला 'र' घशातून काढता काढता ठसका लागलेली एक मुलगी दिसेल. जर्मन नामांची लिंगं घोकणारा मुलगा दिसेल. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत म्हणून तो सुरुवातीला खुशीत असतो, मग त्यांची आणि आपली पत्रिका जुळत नाही हे त्याच्या ध्यानात येतं. रशियन शिकणारे पूर्वी जास्त असत, आता जपानीकडे ओढा आहे. आमच्या भाच्यानंही जपानी घेतलं. त्या परीक्षेला पाच पायऱ्या असतात आणि त्या उलट्या मोजतात, म्हणजे 'एन-फाइव्ह' सगळ्यात सोपी आणि 'एन-वन' सगळ्यात अवघड. भाचा 'एन-फाइव्ह' झाला तेव्हा त्याच्या मावशीनं सगळ्यांना फोन केले, "पुण्यातून पाचवा आला हो!" पुढे तो 'एन-फोर' झाला. "चौथा आला. अभ्यास वाढवलाय त्यानं," मावशी म्हणाल्या. ही परीक्षा ज्यानं रचली त्याला नक्कीच मावशी असणार.

मावशींचे यजमान जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "बाळा, जपानी येतं तुला हे ठीक. पण यावर सरकारी नोकरी कुठली?"

तशा नोकऱ्या आहेत. परराष्ट्र खात्यात दुभाष्यांची स्वतंत्र पदं आहेत. संरक्षण खात्याची परकीय भाषांची एक शाळाच १९४८ पासून दिल्लीत आहे. सैन्याला चिनी येणारी माणसं लागतात, इंडो-तिबेटन सीमा पोलीस आपल्या जवानांना चिनी शिकवतात, आणि गुप्तवार्ता खात्यांना काय काय लागतं ते ती खाती सांगत नाहीत. पण काकांना ज्या नोकरीत रस होता ती एकच, कारण तिच्यात गाडीवर झेंडा असतो.

ती म्हणजे भारतीय विदेश सेवा. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून वर्षाला तीस-चाळीस माणसं या सेवेत जातात. दिल्लीच्या सुषमा स्वराज संस्थेत त्यांचं प्रशिक्षण होतं आणि प्रत्येकाच्या पदरात एक परकीय भाषा पडते. ही भाषा सक्तीची. तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरीत कायम करत नाहीत. म्हणजे कलेक्टर होण्याची ऐपत असलेला, देशातून वरच्या नंबरानं आलेला, गावात कमानी उभारून सत्कार झालेला तरुण पुन्हा पाटी घेऊन 'हा मुलगा आहे, ती मुलगी आहे, हे सफरचंद आहे' इथपासून सुरुवात करतो. कोणाला कुठली भाषा मिळावी हे गुणक्रम, आवड आणि खात्याची गरज यांवर ठरतं. या तिन्हींत भांडण झालं तर गरज जिंकते. पॅरिसची स्वप्नं बघत आलेला माणूस त्यामुळे ब्रह्मदेशी लिपीची किंवा सिंहलीची वही आणायला जातो.

अरबी मिळालेल्यांना बहुधा कैरोला पाठवतात. वर्गात शिकवतात ती ग्रंथांची, वर्तमानपत्रांची, भाषणांची अरबी. रस्त्यावर इजिप्शियन माणूस बोलतो ती वेगळीच. आपला तरुण थर्ड सेक्रेटरी बाजारात जाऊन वर्गातल्या अरबीत टोमॅटोचा भाव विचारतो, म्हणजे तुळशीबागेत ज्ञानेश्वरीच्या मराठीत घासाघीस करण्यातला प्रकार. विक्रेता आदरानं ऐकून घेतो आणि भाव दुप्पट सांगतो. पुढे इजिप्तची बोली जिभेवर बसते न बसते तोच बदली मोरोक्कोला होते आणि तिथली अरबी ऐकून पुन्हा पाटी घ्यावीशी वाटते.

या भाषावाटपात मराठी माणसाच्या वाट्याला चिनी बरी आली आहे. विजय गोखले २०१६ ते २०१७ बीजिंगला राजदूत होते. ते गेले आणि त्या खुर्चीवर गौतम बंबावाले आले. दोघांनाही चिनी येतं. गोखले गेले, बंबावाले आले हे वाक्य बीजिंगपेक्षा सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जास्त शोभतं, पण घडलं ते बीजिंगला. मला यात नवल वाटत नाही. चिनी भाषेत एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की चार अर्थ होतात, आणि पुणेकराला 'या, बसा' हे दोन शब्द किमान सहा सुरांत म्हणता येतात, त्यांपैकी पाच ऐकून पाहुणा उठून जातो.

चिनी येणाऱ्याला सरकार चीनलाच ठेवतं असं मात्र नाही. गोखले बीजिंगच्या आधी जर्मनीत राजदूत होते, बंबावाले भूतानला राजदूत आणि पाकिस्तानात उच्चायुक्त. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकले, टोकियोला राहिले, आणि पुढे मालदीवला उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. भाच्याच्या काकांना हे अजिबात पटलं नाही. "मग शिकवलं कशाला?" हा त्यांचा सवाल. माझ्या मते सरकारचं बरोबर आहे. एकाच देशात फार दिवस राहिलेला वकील हळूहळू त्याच देशाची वकिली करायला लागतो, हे सगळ्या राज्यकर्त्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. शिवाय एखादवेळी उलटंही घडतं. मॉरिशसला बदली झाली तर शिकलेल्या भाषेपेक्षा घरून आणलेली मराठी उपयोगी पडते. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तिथे हिब्रू शिकून गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला एखाद्या आजीबाई शुद्ध कोकणी हेल काढून "कुठले रे तुम्ही?" विचारणार नाहीत याची खात्री कोणी द्यावी?

पण राजदूत ही मोठी माणसं. त्यांचं भाषेवाचून अडत नाही. ज्याचं सगळं भाषेवरच चालतं तो दुभाष्या, आणि त्याचीच मला फार वर्षांपासून गंमत वाटते. दोन राज्यकर्ते समोरासमोर बसले आहेत. त्यांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. दालनात दोन्ही बाजूंचं सगळं कळणारे एक-दोघेच, आणि नेमकं त्यांनाच मत मांडायला मनाई. सरकारात एरवी याच्या उलट पद्धत असते.

आपल्याकडचं याचं उत्तम उदाहरण रायगडावर घडलं. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन मुंबईहून आला. त्याच्याबरोबर दुभाष्या होता नारायण शेणवी. आधीची बोलणी, महाराजांचे कारभारी निराजीपंत यांच्याकडे जाणं-येणं, अटी कळवणं, उत्तर आणणं ही सगळी खटपट या शेणव्याची. इतिहासात नाव ऑक्झेंडेनचं. राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झेंडेननं लांबूनच मुजरा केला. गर्दीत तो महाराजांना दिसावा कसा? नारायण शेणव्यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात वर करून धरली. महाराजांचं लक्ष गेलं, आणि मंडळींना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावलं गेलं. ऑक्झेंडेननं स्वतःच रोजनिशीत हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. दुभाष्याच्या कामात 'हात वर करून अंगठी धरणे' हे कलम कुठल्याही जाहिरातीत नसतं, पण 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' या शेवटच्या कलमात ते तेव्हापासून बसलेलं आहे.

याच मुक्कामातली दुसरी हकीकत मला जास्त आवडते. गडाचं जेवण म्हणजे मुख्यतः भात, डाळ, तूप. इंग्रजांना मांस हवं. मग त्यांच्यासाठी बकऱ्याच्या मांसाची व्यवस्था झाली. मांस पुरवणारा खाटीक म्हातारा होता. इतक्या थोड्या दिवसांत, आपण कित्येक वर्षांत विकलं नसेल इतकं मांस खाणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे डोळ्यांनी बघायला तो बिचारा गड चढून वर आला. फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं हे नमूद केलं आहे. आता विचार करा, मटणाची ही मागणी महाराजांच्या माणसांपर्यंत पोचवली कोणी? खाटीक येऊन उभा राहिला तेव्हा त्याचं कौतुक साहेबाला सांगितलं कोणी? शेणवी म्हणजे मासळीचा दर्दी. गडावर मासळी कुठली? सगळ्या दरबारी तहात त्याच्या जेवणाचं कलम कोणी घातलं असेल असं मला वाटत नाही.

पेशवाईत हे काम जास्त पद्धतशीर झालं. दरबारात फारसीचा पत्रव्यवहार सांभाळणारा स्वतंत्र हुद्दा होता, त्याचे वंशज आज पारसनीस आडनावानं बँकेत आणि आकाशवाणीवर दिसतात. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीनंही फारसीचा वेगळा सेक्रेटरी ठेवला होता. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्याच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता, संगमावर त्याचा बंगला. एक इंग्रज, समोर कोकणातून आलेले ब्राह्मण कारभारी, आणि कागदोपत्री भाषा इराणची. दोघांच्याही घरात जी बोलली जात नाही ती भाषा वापरण्याचा फायदा असा की भांडण झालं तर दोघंही सारखेच चुकतात. १८१७ साली मराठी फौजेनं संगमावरचा तो रेसिडेन्सीचा बंगला जाळला. त्या निरोपाला दुभाष्या लागला नाही.

विसाव्या शतकात दुभाष्याचा हा मान वसंत वासुदेव परांजपे यांना मिळाला. १९४७ मध्ये ते शिष्यवृत्तीवर पेकिंगला चिनी शिकायला गेले. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा माओ आणि चाउ एन-लाय यांच्याशी त्यांच्या भेटीत भारताच्या बाजूचे दुभाषे हेच परांजपे. माओंच्या चिनीला हुनान प्रांताचं असं जबरदस्त वळण होतं की खुद्द चिन्यांचीही तारांबळ उडे. पेकिंगची चिनी शिकून गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर ते वळण पहिल्यांदा पडलं असेल तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल ते मनातच राहिलं, कारण दुभाष्यानं 'काय म्हणालात?' असं माओंना फार वेळा विचारायचं नसतं. आशियातल्या दोन प्रचंड देशांचं काय होणार याची बोलणी एका परांजप्यांच्या कानांतून जात होती, आणि मुलानं इंजिनिअर व्हायला हवं होतं अशी हळहळ त्याच वेळी कोकणातल्या एखाद्या ओटीवर कोणी ना कोणी व्यक्त करत असणार. परांजपे पुढे स्वतः राजदूत झाले, इथिओपियाला आणि दक्षिण कोरियाला. चीन सोडून.

या धंद्याचे नियम मोठे कडक. पहिला म्हणजे 'मी' म्हणायचं. साहेब म्हणाला 'मी', की दुभाष्याही 'मी' म्हणणार. 'ते म्हणतात की' चालत नाही. त्यामुळे ज्याचं स्वतःचं प्रवासभत्त्याचं बिल आठ महिने लेखा विभागात पडून आहे तो माणूस खणखणीत आवाजात परक्या पंतप्रधानाला सांगतो, "मी आपल्या देशाला पन्नास कोटी डॉलरचं कर्ज द्यायला तयार आहे." सांगून झाल्यावर आठवतं की आपल्यालाच भावजीकडून उसने घ्यायचे आहेत.

दुसरा आकड्यांचा. आपला माणूस लाख-कोटीत बोलतो. चिनी माणूस दहा हजाराच्या 'वान'मध्ये मोजतो, आणि त्याच्या वरचं माप 'यी', म्हणजे आपले दहा कोटी. साहेब घाईघाईत "तीन लाख पंचाहत्तर हजार कोटी" म्हणाला की दुभाष्यानं तेवढ्या श्वासात शून्यं उचलून दुसऱ्या घरात ठेवायची. एखादं शून्य वाटेत पडलं तर व्यापारातली तूट तिथल्या तिथे एक दशांश होते. परराष्ट्र धोरणाला जे पन्नास वर्षांत जमलं नाही ते दुभाष्याच्या डुलकीत जमू शकतं. म्हणूनच कानाला यंत्र लावून काचेच्या खोलीत बसणाऱ्या दुभाष्यांना दर वीस-तीस मिनिटांनी बदलतात. त्यापुढे मेंदू संपावर जातो. सरकारी नोकरीत अर्ध्या तासानं विश्रांती अधिकृतपणे मंजूर असलेली ही बहुधा एकमेव जागा असावी; अनधिकृत खूप आहेत.

तिसरा नियम म्हणजे भर घालायची नाही आणि गाळायचं नाही. हा सगळ्यात अवघड, त्यातून आपल्या नेत्यांच्या बाबतीत. त्यांना परदेशी पाहुण्यासमोर शेर सुचतो. संस्कृत सुभाषित सुचतं. क्रिकेट सुचतं. मंगोलियाच्या अध्यक्षांना 'शेवटच्या षटकात सहा चेंडूंत बारा धावा' समजावायच्या आणि चेहऱ्यावर सुरकुती येऊ द्यायची नाही याला कुठल्या परीक्षेत किती गुण ठेवावेत? आमच्या ओळखीतल्या, या कामावर केस पांढरे केलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, "आपल्या साहेबाचं चुकतंय हे कळलं तर काय करता?" ते म्हणाले, "बिनचूक चुकवतो."

याची राष्ट्रीय पातळीवरची कसोटी ११ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूयॉर्कला लागली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपले परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा भाषणाला उभे राहिले आणि पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण वाचू लागले. कागद शेजारचा आला होता. चांगली तीनेक मिनिटं ते वाचत होते. विकास, सुरक्षा, शांतता. कोणाला काही खटकलं नाही, कारण सगळ्यांच्याच भाषणात तेच होतं. मग पोर्तुगीज बोलणारे दोन देश, ब्राझील आणि पोर्तुगाल, आज इथे एकत्र आहेत याबद्दल भारताच्या वतीनं आनंद व्यक्त झाला. तिथले आपले प्रतिनिधी हरदीप पुरी जवळच होते, त्यांनी सावरून घेतलं. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांची भरपूर थट्टा केली. मला त्या दिवशी काचेमागच्या दुभाष्यांची आठवण झाली. भारताचा हा पोर्तुगीज आनंद त्यांनी फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबीत इमानेइतबारे पोचवला असणार. एकानंही भुवई उंचावली असेल तर ती नोंदीत नाही. आणि गोव्याच्या हिशेबानं पाहिलं तर मंत्र्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य १९६१ साली गेलं आणि कागद मागे राहिले. जमिनीची जुनी नोंद पोर्तुगीजमध्ये, आजोबांचा विवाह पोर्तुगीजमध्ये, आणि वारसाहक्काला आता-आतापर्यंत लागू असलेला कायदा म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. तिचं इंग्रजी भाषांतर सरकारी राजपत्रात यायला २०१८ साल उजाडलं. मधली पन्नासाहून जास्त वर्षं कोर्ट, नोंदणी कार्यालय आणि पुराभिलेख यांचा गाडा पोर्तुगीज वाचता येणाऱ्या मूठभर म्हाताऱ्यांच्या चष्म्यातून चालला. पणजीच्या कचेरीत त्यांचा रुबाब बघावा. बिल्डर येतो, वकील येतो, वाटणीवरून एकमेकांचं तोंड न बघणारे तीन भाऊ वेगवेगळ्या वेळी येतात, आणि म्हातारा पिवळ्या कागदावर बोट ठेवून सांगतो, "विहीर धाकट्याची. पण पाणी सगळ्यांचं." तिथे मात्र दुभाष्याला खुर्ची असते, आणि बाकीचे उभे असतात. सत्ता गेल्यावर भाषेला भाव येतो, तो असा.

एरवी खुर्चीचं दुखणं आहे तसंच आहे. शाही मेजवानीचे फोटो काढून बघा. दोन देशांचे प्रमुख शेजारी शेजारी, समोर ताटं, आणि दोघांच्या खांद्यांच्या मधल्या फटीत मागे एक चेहरा. त्याची खुर्ची टेबलापासून हातभर मागे. त्याच्यासमोर ताट नाही, वही आहे. तोंडात घास असताना भाषांतर करता येत नाही हे तर्काला धरून आहे, पण सूपपासून आइस्क्रीमपर्यंत अकरा पदार्थांची वर्णनं दुसऱ्या भाषेत करायची, पाहुण्यानं "यात कोकम आहे का?" विचारलं तर तेही सांगायचं, आणि रात्री साडेअकराला हॉटेलात येऊन बॅगेतले लाडू काढायचे, याला प्रोटोकॉल म्हणतात. लग्नात आपण बँडवाल्यांना पंगत संपल्यावर का होईना, वाढतो.

२०१९ मध्ये मामल्लपुरमला आपले पंतप्रधान आणि चीनचे अध्यक्ष शिल्पं बघत फिरले. समुद्रकाठ, दगडी रथ, संध्याकाळचे दिवे. खाजगीत मनमोकळ्या गप्पा झाल्या असं बातम्यांत होतं. त्या खाजगीत चार माणसं होती. फोटोखाली दोघांचीच नावं. दुसऱ्या दिवशी कितीतरी ठिकाणी तोच फोटो कापून छापला, पण कापणाऱ्याला ते दोघे इतके चिकटून मिळाले की पंतप्रधानांच्या कोपराजवळ एक अनोळखी कान तसाच राहिला. भाच्याच्या काकांना मी तो कान दाखवला. म्हटलं, "ही ती नोकरी." काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कायम आहे का कंत्राटी?"

सगळ्यात खडतर जागा वर लडाखला आहे. जून २०२० पासून चुशूल-मोल्डो इथे भारत आणि चीन यांच्या कोअर कमांडरांच्या बैठकांच्या फेऱ्या झाल्या. उंची चौदा हजार फूट, आणि एखादी फेरी चौदा-चौदा तास चालायची. वर्तमानपत्रात ते 'मॅरेथॉन चर्चा' म्हणून यायचं. त्यात एक साधा हिशेब कोणी केला नाही. तिथे प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. चौदा तासांतले सात दुभाष्यांचे. सेनापती आपलं वाक्य संपवून पाणी पितो, विचार करतो, खिडकीबाहेर बघतो. दुभाष्याला एका कानानं ऐकायचं असतं, हातानं लिहायचं असतं, तोंडानं बोलायचं असतं, आणि विरळ हवेत मधूनमधून श्वासही घ्यायचा असतो. त्यातून वाद एखाद्या ओढ्याचा किंवा डोंगराच्या सोंडेचा, जिला दोन्ही बाजूंनी वेगळं नाव. आपल्या बाजूचं नाव त्यांच्या भाषेत म्हणताना जीभ घसरली तर डोंगर हातचा जायचा. इथे दुभाष्याला हातभर मागे बसवून भागत नाही, टेबलाशी घ्यावंच लागतं.

आणि मध्यरात्र उलटल्यावर दोन्ही बाजू उठायच्या. मग निवेदन निघायचं, की चर्चा विधायक वातावरणात झाली आणि दोन्ही बाजूंनी संवाद चालू ठेवण्याचं मान्य केलं. त्या खोलीत चौदा तासांत बोलल्या गेलेल्या हजारो वाक्यांपैकी हे एक मात्र दुभाष्यांनी वहीकडे न बघता, साहेबानं तोंड उघडायच्या आतच, दोन्ही भाषांत धडाधड म्हणून टाकलं असतं.